बांधालगतचा कडक पट्टा

जुईने फोनवर बोट टेकवलं आणि बांधालगतच्या पट्ट्यातली माती विटेसारखी कडक झाली. भुईमुगाच्या शेंगा काढणारं यंत्र तिथे पोचताच कुरकुरलं, "शेंगा तुटून आत राहतील. माती भुसभुशीत करू?"

"नको, चल पुढे," जुई म्हणाली. तिचे वडील, तात्या, पलीकडे ट्रॉलीजवळ होते. तिचं सगळं लक्ष त्यांच्याकडे.

माती फोनवरून सांगू तशी वागायला लागल्यापासून यंत्रामागे शेंग उरत नव्हती. काढणीनंतर मागे राहिलेला सरवा वेचणाऱ्या बायका हात हलवत परत जायच्या. यंदाही सरवा मिळाला नाही तर गाव सोडायचं, असं हलिमाची आई म्हणाली होती. मग वर्गात जुईच्या शेजारी बसणार कोण?

यंत्र गेलं तशा दोघी मायलेकी खुरपी घेऊन आल्या. हलिमाने जोर लावला, तर पातंच वाकलं.

"अगं, ही माती आहे का सिमेंट? शेंगा काय सुरुंग लावून काढू?"

 शेंगा आत राहतील एवढंच जुईने पाहिलं होतं. त्या बाहेर कशा काढायच्या, हे डोक्यातच आलं नव्हतं. हलिमाची आई माघारी वळली. आणि तात्या नेमके त्याच पट्ट्यातून येत होते.

जुईने फोनवर बोट टेकवलंच आणि पट्टा भुसभुशीत झाला.

तात्यांचे पाय घोट्यापर्यंत रुतले. त्यांनी पायाशी वर आलेली शेंग उचलली आणि जुईकडे पाहिलं.

"किती मागे ठेवल्यास?"

"पुरतील एवढ्या, तात्या."

त्यांनी शेंग फोडून दाणे तोंडात टाकले. "पुढच्या वर्षी माती मऊ करायच्या आधी मला बांधावर तरी जाऊ दे," म्हणत ते मातीत चपला शोधू लागले.