वजन जुळलं

मशीनमधून कागद बाहेर आला आणि श्रेयसने मालिनीबाईंच्या खांद्यावरूनच आकडा वाचला. तीनशे बारा. "जुळलं!" तो ओरडला, आणि अंबडच्या त्या एवढ्याशा लॅबमध्ये दिसेल त्याला पेढे वाटत सुटला.

वाटणारच. आठ महिने मान मोडून बनवलेलं रसायन होतं ते. शुक्रवारी नमुना परदेशी गिऱ्हाइकाकडे जायचा, आणि तो गेला की श्रेयस कंपनीत कायम व्हायचा. साहेबांनी तसा शब्दच दिला होता.

मालिनीबाई मात्र कागद घेऊन बसून राहिल्या. हे मशीन रेणूचं वजन तर सांगतंच, पण तो फोडून त्याचे तुकडेही मोजतं. वजन अगदी नेमकं होतं. पण एकशे पाचचा जो तुकडा पडायलाच हवा, तो कुठेच नव्हता. भलत्याच एका तुकड्याची रेघ एक्क्याण्णववर ताठ उभी. बाईंनी नमुना दुसऱ्यांदा घातला, तिसऱ्यांदा घातला. तेच. अरे देवा, पुन्हा आपल्याच तोंडून वाईट बातमी! बावीस वर्षांत किती पोरांना हे सांगितलं. आता अगदी नको वाटायचं.

"मॅडम, पेढा घ्या ना."

"बस जरा. श्रेयस, हे ते नाही रे."

"काहीतरीच काय! वजन जुळलंय की."

"तुझं नि माझ्या जावयाचं वजन सारखं भरलं, म्हणून तू माझा जावई होतोस का?"

त्याने कागद नीट पाहिला. पुडा टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "नुसतं वजनच लिहा ना, मॅडम. खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतंच. तेवढ्यावर सही केली की साडेपाचची बस मिळत होती, साहेबांची बोलणी टळत होती. पोराची तर बाईंना खरंच दया आली. त्यांनी पेन उघडलं आणि रिपोर्टवर लिहिलं : वजन जुळते. पदार्थ मात्र मागितलेला तो नव्हे. खाली सही केली.

श्रेयसने ती ओळ वाचली.

"मग आठ महिने मी बनवलं काय?"

"माहीत नाही, बाळा. शोधावं लागेल."

नमुन्याच्या बाटलीवरची चिठ्ठी त्याने नखाने खरवडून काढली. नवी चिकटवली. तारीख घातली, १२ मार्च ९८. खाली स्वतःचं नाव लिहिलं. पदार्थाच्या नावापुढे पेन टेकवलं, उचललं, आणि ती जागा कोरी ठेवून बाटली फ्रीजमध्ये ठेवली.