चौदा फुटी दांडा

"हे आहे का तुमच्याकडे?" थोरलीने फोन काउंटरवर ठेवला.

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. फोटोत एक लांबलचक दांडा होता. टोकाला चोचीसारखी कात्री, चोचीतून खाली लोंबणारी दोरी. फोटोखाली एक ओळ होती. ती त्याने मोठ्याने वाचली, जणू फळीवरच्या रंगाच्या डब्यांनाही ऐकू जायला हवी.

"'जाऊबाई, हे घ्या. एकट्याने होतं म्हणे.'" तो हसला. "जाऊ? आणि एवढी काळजी? आमच्याकडे दोन जावांच्या हातात कात्री दिली तर आधी एकमेकींच्या वेण्या जातील."

"आमच्याही गेल्या असत्या. झाडं मध्ये आली म्हणून राहिल्या."

नासपतीची तीन झाडं. घराच्या वर गेलेली. दोन वर्षं छाटणी नाही, कारण धाकटी मुलाकडे राहायला गेली आणि दोन वर्षं फोनवर म्हणत राहिली, येते, एवढं नातवाचं आटपलं की निघतेच. यंदा तसं काही म्हणाली नाही. यंदा फोटो आला.

सहा फूट.

"हा हलका आहे. बाईमाणसाला बरा."

थोरलीने कात्री उघडून पाहिली. एकच पातं धारेचं, दुसरं नुसतं चपटं. "ही वाळकं लाकूड तोडेल. ओल्या फांदीचा चेंदा करेल. आणि बाईमाणसाला काय बरं, ते बाईमाणसाला विचारावं."

त्याने दुसरी कात्री काढली. हिची दोन्ही पाती एकमेकींना घासून जाणारी.

दहा फूट.

"त्यापेक्षा शिडी घ्या ना, काकू. नवीन आलीय, तीन पायांची. जागची हलत नाही."

"शिडी आहे घरी."

"चढवत नाही आता?"

"चढवतं की. मीच चढते."

"मग अडलंय कुठे?"

आता याला काय सांगायचं? की वर चढलेल्याला सगळं दिसतं, झाड सोडून. पानं दिसतात, मुंग्या दिसतात, शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं दिसतं. कुठली फांदी जास्तीची, ते मात्र लांबूनच कळतं. धाकटी कुंपणापाशी कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि ओरडायची. ती नको. तिच्या मागची. अहो जाऊबाई, झाड छाटताय की भादरताय! वर चढायची थोरली, म्हणून शेजाऱ्यांना वाटायचं झाडं तिच्या हातची आहेत. पस्तीस वर्षांत तिने एक डहाळी स्वतःच्या मनाने कापली नव्हती.

"शिडीला दोन माणसं लागतात," ती म्हणाली.

"धरायला."

"हो," थोरली म्हणाली. "धरायला."

चौदा फूट, पूर्ण ताणला तर.

एकात एक बसणाऱ्या तीन नळ्या होत्या. ताणायला दुकानात जागा पुरेना, तेव्हा दोघं बाहेर आली. दारासमोर एक झाड होतं आणि त्याची एक फांदी दुकानाच्या पाटीवर आडवी आली होती.

"वर गेला की जड होतो हा, डुलतो," दुकानदार म्हणाला. "मनगटात दम पाहिजे. बघा चालवून. ती पाटीवरची फांदी पाडा, म्हणजे तुमची परीक्षा आणि माझं काम, दोन्ही फुकटात."

थोरलीने नळ्या ताणल्या, खटके आवळले. घेतला की संध्याकाळी फोन करायचा. घेतला गं, म्हणून सांगायचं. बरं झालं, धाकटी म्हणेल, आणि खरंच तिला बरं वाटेल. मग तिला इकडे यायला म्हणून काही कारण उरणार नाही.

दांडा वर गेला. डुलला, सावरला. पहिल्याच खेपेला चोच त्या फांदीवर बसली, बुंध्याजवळच्या फुगवट्याला जेमतेम सोडून, जिथे बसायला हवी तिथेच. दोरी हातात होती. ओढायची तेवढी बाकी.

डोक्यावर काही पडायला नको म्हणून दुकानदार मघाच रस्ता ओलांडून पलीकडे गेला होता. कपाळावर हात धरून तो वर बघत होता. तिथून त्याला सगळं झाड दिसत असणार.

"काकू, बरोब्बर! ओढा आता!"

थोरलीने दोरी ओढली नाही.

"ओढा ना!"

तिने चोच अलगद उचलली आणि शेजारच्या फांदीवर ठेवली.

"ही का?" तिने ओरडून विचारलं.

"अहो ही कुठली! हिने काय केलंय बिचारीने? डावीकडे घ्या!"

तिने दांडा उजवीकडे नेला.

"अहो, काकू!" त्याने दोन्ही हात हवेत उडवले. एक सायकलवाला पाय टेकून बघायला थांबला. "हलू नका आता. तशाच उभ्या राहा. मी नीट बघून सांगतो."

आणि सगळं झाड एका नजरेत यावं म्हणून तो आणखी दोन पावलं मागे सरकला.

थोरली मान वर करून उभी राहिली. दांडा जड होत चालला होता.