पानातली पोळी

तीन डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं होतं, तुम्हाला काहीही झालेलं नाही, मन रमवा. चौथ्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "टेस्टच्या आधी काय खात होता?" मी म्हटलं, नुसता भात. पोळी खाल्ली की पोट बिघडायचं, म्हणून दिवाळीपासूनच सोडली होती. "घरात कुणाला माहीत आहे?" मी हसले. मयूर विहारच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये सगळ्यांना गरम पोळ्या वाढून झाल्या, की मी एकटी मागून जेवते. माझ्या ताटात काय आहे, ते कोण बघणार? बाई हसल्या नाहीत. "हा सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हामुळे होणारा आतड्याचा आजार असू शकतो. पण गहू बंद असेल, तर तो टेस्टमध्ये सापडत नाही. आता दीड महिना रोज पोळी खा, मग पुन्हा रक्त तपासू. त्रास होईल, तेव्हा मला घरी फोन करा. आणि सगळ्यांबरोबर बसून जेवा." मी उठले, तेव्हा म्हणाल्या, "आप झूठ नहीं बोल रहीं." घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ते नुकत्याच आलेल्या केबलवर मॅच बघत "अच्छा, अच्छा" करत होते. त्या दिवसापासून मी पोळ्या आधी करून ह्यांच्या शेजारी जेवायला बसू लागले. चौथ्या दिवशी पोटातली कळ दाबत घास गिळत होते, तेव्हा ह्यांचं लक्ष माझ्या ताटाकडे गेलं. "बघ, खातेस की नीट! सगळं मनाचंच होतं," ते म्हणाले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.