चौकटीतली खूण

"काकू, एकदा फक्त नजर टाका," म्हणत ऋषीने फाइल आसावरीच्या टेबलावर ठेवली. "आईचा सिटिझनशिपचा फॉर्म आहे. पुढच्या आठवड्यात पाठवायचाय. तुम्हाला असल्या कागदांची सवय."

टेबलावर तशी जागा नव्हती. मतदानाचा दिवस. अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहराच्या या भागातली पक्षाची सगळी पत्रकं, मतदारयाद्या, गाडीने न्यायच्या म्हाताऱ्यांची नावं आसावरीच्या जेवणाच्या टेबलावर पसरली होती. पंधरा वर्षं ती पक्षाचं काम करत होती. दर चार वर्षांनी तिचा नवरा तीन महिने सँडविचवर काढायचा आणि ब्रही काढायचा नाही.

"सरलामावशी सिटिझन नाहीत?" तिने विचारलं.

"अजून कुठे? ग्रीन कार्ड. बाबा गेल्यावर आणलं तिला, त्याला आता पाच वर्षं झाली. हे एकदाचं झालं की तिचं इथलं पक्कं. मग मला टेन्शन नाही."

आसावरीने पानं उलटली. अमेरिकेत कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंय का? कधी मत दिलंय का? दोन्ही प्रश्नांपुढे ऋषीने 'नाही'वर खूण केली होती.

"ठेवून जा," ती म्हणाली. "उद्या बघते."

ऋषी ऑफिसला गेला आणि आसावरीने ते पान पुन्हा उघडलं. इथे मतदानाच्या दिवसाआधीही केंद्रावर जाऊन मत देता येतं; नऊच दिवसांपूर्वी मावशींना स्वतःच्या गाडीतून नेऊन तिनेच मत द्यायला लावलं होतं.

गणपतीत मंडळाच्या हॉलबाहेर ती मतदार नावनोंदणीचं टेबल टाकून बसली होती. दोनशे फॉर्म भरून घ्यायचे, असा तिचा हट्ट. आत आरती सुरू झाली तेव्हा एकशे नव्व्याण्णव झाले होते. तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. तुम्ही सिटिझन ना, असं आपण त्यांना विचारलं होतं का? काही केल्या आठवेना. 'मी अमेरिकेची नागरिक आहे' या ओळीपुढच्या चौकटीवर बोट ठेवून "इथे खूण ना गं?" असं मावशींनी विचारलेलं मात्र लख्ख आठवत होतं, आणि आपण टाळ्या वाजवत "हो, हो, तिथेच" म्हटलेलंही.

स्वयंसेवकांना जुलैमध्ये तिनेच बजावलं होतं, याच घराच्या तळघरात. "ग्रीन कार्डवाल्यांचा फॉर्म चुकूनही घेऊ नका. त्यांनी मत दिलं तर सरकार देशाबाहेर काढतं. वयबिय काही बघत नाहीत." तेव्हा मावशी कोपऱ्यात पत्रकांच्या घड्या घालत बसल्या होत्या. घरी दिवसभर एकट्या असतात म्हणून ऋषी त्यांना आसावरीकडे सोडून जायचा. "किती दिवसांत काढतात गं?" त्यांनी विचारलं होतं. सगळे हसले. मावशी घाबरल्या, कुणीतरी म्हणालं.

मत द्यायला नेलं त्या दिवशी गाडीत मावशी किती खुशीत होत्या! सांगलीच्या शाळेत मास्तरीण होत्या, तिथल्या इलेक्शन ड्युटीच्या गमती सांगत होत्या. "आम्ही दोघी बहिणी जोडीने मत द्यायला जायचो. आता सुलेखा एकटीच जाते." मग जरा थांबून म्हणाल्या, "पासपोर्ट नाही ना लागणार? तो ऋषीने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय. मागितला तर देत नाही, हरवशील म्हणतो." मत देऊन आल्यावर बोटाला शाई नाही म्हणून हसल्या. ग्रुपवर फोटो टाकू नकोस, केस विस्कटलेत, म्हणाल्या. उतरताना जाड कोट मागच्या सीटवर ठेवून गेल्या. "कुणा गरजूला दे. मी कुठे बाहेर जाते?"

आसावरीला रडू कोसळलं. एकदा मशीनने गिळलेलं मत परत मिळत नाही. फॉर्मवर 'नाही' लिहिलं तर खोटं, 'हो' लिहिलं तर गुन्हा कबूल. असं एखादं नाव हाती लागावं म्हणून समोरचा पक्ष टपूनच बसला होता. आपल्या मनात आधी पक्षाचा विचार आला आणि मावशींचा नंतर, याची तिला भयंकर लाज वाटली.

याद्या तशाच टाकून ती मावशींच्या घरी गेली. सून हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर, नातवंडं शाळेत. मावशी पलंगावर बॅग उघडून सुती साड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आज तू इथे कशी? आज तर तुझी धावपळ."

आसावरीने त्यांचे हात धरले आणि सगळं सांगून टाकलं. फॉर्म, चौकट, मत, ऋषीचा कागद. मावशी शांतपणे ऐकत होत्या. त्यांना उलगडा होत नाहीये, असं आसावरीला वाटलं.

"चूक माझी आहे, मावशी. माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, आपण आजच जाऊ. खूण मी करायला लावली असं मी लिहून देते. माझं काय व्हायचं ते होऊ दे. तुम्हाला इंग्रजी समजत नाही, असं सांगायचं."

"बावीस वर्षं मी इंग्रजीच शिकवलं गं," मावशी म्हणाल्या.

"ते कुठे बोलू नका! आणि ऋषीला आत्ता काही सांगू नका."

"मी कशाला सांगू? तो एवढ्या हौसेने फॉर्म भरतोय. तूही काही लिहून देऊ नकोस. उगीच तुझं नाव यायचं. खूण मी केली, माझ्या हाताने. कुणी विचारलं तर तेच सांगणार."

"मावशी, असं सांगितलंत तर संपलंच सगळं! कुणी वाचवू शकणार नाही. तुम्हाला या देशातून हाकलतील हो! कळतंय का तुम्हाला?"

मावशींनी शेवटची साडी बॅगेत ठेवली, वरून हात फिरवून नीट बसवली, आणि त्या दिवशी गाडीत होता तसाच खुललेला चेहरा आसावरीकडे वळवला.

"म्हणजे संक्रांतीपर्यंत पोचेन ना गं सांगलीला?"