विंगेतली खुर्ची

श्रीरंगराव भर स्वगतात थांबले.

दिल्लीतल्या मराठी मंडळात त्यांचा सत्कार होता. भाषणं एकदाची संपली, आणि मंडळाने म्हाताऱ्याला त्याचं गाजलेलं स्वगत म्हणायला उभं केलं. राज्य गमावलेल्या राजाचं. निम्मं तर झकास झालं. आवाज काय, शेवटच्या रांगेतल्या माणसाने पेंगायची सोय नाही असा. आणि मध्येच गाडं अडलं. वय झालं हो बिचाऱ्यांचं, असं एका बाईंनी शेजारणीच्या कानात सांगितलं, तेही चार रांगांना ऐकू जाईल इतक्या हळू.

वय झालं होतं, खोटं कशाला बोला. पण श्रीरंगराव काहीही विसरले नव्हते. ते मुद्दाम थांबले होते. समोर पहिल्या रांगेत त्यांची बायको बसली होती, सुमित्राबाई, आणि तिच्या तोंडून एक शब्द यावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

दिवाळीपासून सुमित्राबाई बोलत नव्हत्या. आधी त्यांच्या आठवणीतून नावं गेली, मग माणसं गेली, मग बोलणंच गेलं. दिल्लीच्या द्वारका भागातल्या घरात सकाळचा चहा दोघं समोरासमोर बसून घेत, आणि बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या परक्या माणसाकडे पाहावं तशा त्या नवऱ्याकडे पाहत. श्रीरंगरावांना ते सोसत नसे. पडद्यावर ढसाढसा रडून त्यांनी बक्षिसं मिळवली होती, पण घरात ते बाथरूमचा नळ सोडून रडत.

आणि एके काळी हीच बाई त्यांची प्रॉम्प्टर होती. दोघंही केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून. फायली मिटल्या की तालमीला पळायचं. दिल्लीत मराठी नाटक करणं म्हणजे काय चेष्टा होती? आज नायिका ठरवावी तर उद्या तिच्या नवऱ्याची बदली शिलाँगला. पाठांतराला सवड कुणाला होती? मग विंगेतल्या अंधारात सुमित्राबाई खुर्ची टाकून बसायच्या आणि अडलेल्या नटाला वाक्य द्यायच्या, त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं. पुढे श्रीरंगराव नोकरी सोडून मोठे नट झाले. दौरे झाले, हिंदी सिनेमे झाले, मालिकेतले आजोबा झाले, मेट्रोत पोरं सेल्फी मागू लागली. पण नाटक कुठलंही असो आणि गाव कुठलंही असो, विंगेत हीच. म्हणून तर त्यांना वाटलं होतं, आपण अडलो की तिला राहवणार नाही. अडलेला नट तिला कधी बघवलाच नव्हता.

ती मात्र मांडीवरच्या गुलदस्त्याची पानं खुडत बसली होती.

मुलगा जयंत उठून स्टेजच्या कडेला आला. गुरुग्रामला मोठ्या हुद्द्यावर आहे, लोकांसमोर शोभा झालेली त्याला चालत नाही. "बाबा, चलो, बस झालं आता," तो हळूच म्हणाला.

श्रीरंगराव बायकोकडे बघत राहिले. पहिली रांग, अंगावर दिवे, गळ्यात हार. आणि त्यांना स्वतःचा संताप आला. इतकी वर्षं रंगभूमीवर काढली आणि एवढं कळू नये? या बाईने जन्मात कधी त्यांचं नाटक समोर बसून पाहिलं नव्हतं. आणि प्रेक्षकांतून कुणी वाक्य देतं का?

"आईला आत आण," ते जयंतला म्हणाले. "डाव्या विंगेत खुर्ची टाक. आणि तिथला दिवा बंद कर."

जयंतने लोकांकडे हात केला. लोक थांबतील, श्रीरंगराव म्हणाले. आणि लोक थांबले, बरं का. एरवी हेच लोक जेवणाची पानं मांडली की अध्यक्षांनाही ऐकत नाहीत.

सुमित्राबाईंना धरून आत नेलं, बसवलं. श्रीरंगरावांनी स्वगत पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा त्याच जागी थांबले. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. विंगेतून काही आलं नाही. ते उभे राहिले. उभेच राहिले. आता बोलली नाही तर ती कधीच बोलणार नाही, हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना भयंकर भीती वाटत होती.

मग अंधारातून आवाज आला. जाडसर, गंजलेला, पण नेमका त्यांच्यापर्यंतच पोचणारा.

"सरकार, दारात पाहुणे आलेत."

हे त्या स्वगतातलं नव्हतं. त्या नाटकातलंच नव्हतं. हे त्यांच्या पहिल्यावहिल्या नाटकातलं वाक्य होतं. नोकराचं काम होतं, अख्ख्या तीन अंकांत एवढं एकच वाक्य, आणि तेवढंही तरुण श्रीरंग समोरची गर्दी बघून विसरला होता. पुस्तक धरायला ऐन वेळी कुणी मिळेना म्हणून दुसऱ्या सेक्शनमधली एक नवी मुलगी विंगेत बसवली होती. नावसुद्धा ठाऊक नव्हतं. तिने त्याला वाक्य दिलं. दोघांमध्ये बोललं गेलेलं ते पहिलं वाक्य.

"बाबा, हे काहीतरी भलतंच आहे," जयंत विंगेतून कुजबुजला. "तुम्ही तुमचं म्हणा."

श्रीरंगरावांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. राजाची ताठ मान खाली आली, पाठ वाकली, हात जोडले गेले. त्यांनी ते वाक्य खणखणीत म्हटलं, आणि सगळ्या सभागृहाला तसंच बसलेलं ठेवून, सरकारांना पाठ न दाखवणाऱ्या नोकरासारखे एकेक पाऊल मागे सरकत तिच्याकडे निघून गेले.