रिकाम्या दोन मात्रा

खोटं सांगत असेन तर जीभ झडो. गाण्यातली ओळ होती, ‘मी चालले, चालेल ना?’ रेकॉर्डिंगच्या दिवशी गायिकेने भुवयांच्या पेन्सिलीने ‘चालेल ना’ खोडलं. “विचारायचं कशाला?” संगीतकार उखडले, “अगं, दोन मात्रा रिकाम्या पडतील! तिथे काय भरू, तुझं डोकं?” “टाचा भरा,” मी कोरसमधून म्हणाले. “तू उद्यापासून येऊ नकोस!” “मग आजच आपटते.” ती गायली, ‘मी चालले’, आणि आम्ही सातजणींनी लाकडी टाचा आपटल्या. ठक, ठक. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याने दचकून भलताच दात उपटला. गाणं गाजलं; मोर्च्यांत बायका अजून त्या दोन मात्रा आपटतात. काल नात परगावच्या नोकरीसाठी बॅग घेऊन निघाली. तिचा बाप तोंड फुगवून बसला. दारात तिने चाचरत विचारलं, “आजी, मी चालले, चालेल ना?” मी काठी फरशीवर आपटली. ठक, ठक.