फोटो वाळेपर्यंत

प्रिंटरमधून निघालेला स्वतःचा फोटो त्याने टेबलावर ठेवला आणि वर कोरा कागद पसरला.

"उद्यापर्यंत हात लावू नकोस. संध्याकाळी कागद तेवढा बदलायचा, ओल शोषतो तो. लोक तेराव्याच्या घाईत ओलाच फोटो फ्रेममध्ये घालतात, मग काच आतून धुरकटते. जन्मभर स्टुडिओत हेच सांगत आलो."

"अहो, पण आत्तापासून कशाला?"

"डॉक्टर काय म्हणाले, तूही ऐकलंस ना?"

ती भांडी घासायला आत गेली. थोड्या वेळाने तशीच ओल्या हातांनी आली, कागद उचलला आणि फोटोवरून तळवा फिरवला. गाल, मिशी, चष्मा, सगळं ओघळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा फोटो छापला. तिने पुन्हा ओला हात फिरवला. मग हे रोजचंच झालं.

"तुझ्यापायी मला मरायलाही सवड नाही," तो हसून म्हणायचा.

एका संध्याकाळी त्याला अंथरुणातून उठवेना. सकाळी छापलेला फोटो कागदाखाली होता. ती ओल्या हातांनी टेबलापाशी बराच वेळ उभी राहिली.

शेवटी तिने हात पदराला कोरडे पुसले आणि फोटोवरचा कागद बदलला.